घरचे पौष्टिक स्कोन : लोणी काढू नका, पीठ, साखर आणि आकार बघा

जास्वंद

मुंबईतल्या कॅफेंमध्ये मिळणारा स्कोन (चहाबरोबर खायचा ब्रिटिश पद्धतीचा फुगीर, भुसभुशीत पाव) बहुतेक वेळा तळहात भरेल एवढा मोठा असतो. आत पांढरा मैदा, वर साखर, आणि सोबत जॅम व क्रीमच्या वाट्या. तो घरी करायचा ठरवला की बहुतेक जण सगळ्यात आधी लोण्यावर कात्री चालवतात. लोणी गेलं म्हणजे पदार्थ पौष्टिक झाला, असं आपल्याला वाटतं. हा धागा मी त्यासाठीच काढतेय. स्कोन हलका करायचा असेल तर लोण्याला शेवटी हात लावा. आधी पीठ बदला, साखर कमी करा आणि आकार लहान करा.

लोणी तिथे काय करतं ते आधी बघू. पिठात थंड लोण्याचे कण राहिले की ते पिठाला वेढून बसतात, त्यामुळे ग्लूटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाचे, लांब धागे तयार होत नाहीत आणि स्कोन खुसखुशीत, भुसभुशीत राहतो. शिवाय बाजारच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात मुख्यतः पाणी. ओव्हनमध्ये कण वितळले की त्या पाण्याची वाफ होते आणि ती थर वर उचलते. लोणी पूर्ण काढलं तर उरतो तो फुगलेला, कोरडा पाव, आणि तो घशाखाली उतरवायला जॅम दुप्पट लागतो. म्हणजे वाचवलेलं सगळं पुन्हा आत.

माझं प्रमाण असं. कणीक १५० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, ओट्स मिक्सरमधून फिरवून ५० ग्रॅम. त्यात दोन सपाट चमचे बेकिंग पावडर आणि पाव चमचा खाण्याचा सोडा (चमचा म्हणजे मोजायचा ५ मिलीचा). लोणी ६० ग्रॅम, फ्रीजरमध्ये कडक केलेलं. बारीक चिरलेला गूळ किंवा साखर २५ ग्रॅम. काळ्या मनुका ४० ग्रॅम. १२० ग्रॅम दही, जरा आंबट असलं तर उत्तमच, आणि दूध लागेल तसं, साधारण तीन चमचे. खारं लोणी वापरत असाल तर वेगळं मीठ घालू नका. वेलदोडा किंवा लिंबाची किसलेली साल घाला. साखर कमी असली की वासाचा मोठा आधार होतो.

कृती सांगायला सोपी आहे, सगळी खुबी हातात आहे. कोरडं सगळं एकत्र चाळा. चाळणीत राहिलेला कोंडा टाकू नका, तो परत पिठातच घाला. लोणी किसणीवर किसून पिठात सोडा आणि बोटांच्या टोकांनी भराभर चोळा. तळहात लावू नका, तळहात गरम असतो. मिश्रण जाड रव्यासारखं दिसलं आणि मधे मधे लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे राहिले की थांबा. दह्यात गूळ विरघळवून ते पिठात ओता, मनुका घाला आणि सुरीने किंवा उलथन्याने ओढून ओढून गोळा करा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. गोळा जरा चिकट आणि ओबडधोबडच दिसायला हवा.

आता तो गोळा झाकून १५-२० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. मैद्याच्या स्कोनला याची तितकी गरज नसते, कणकेच्या स्कोनला फार असते. कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो. तो वेळ दिला नाही तर भाजताना कोंडा आतलं पाणी ओढत राहतो आणि स्कोन कोरडा होतो. तोवर ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) २१० अंशांवर तापवा. गोळा हाताने इंचभर जाड थापा, लाटणं नको. स्टीलच्या लहान पेल्याने सरळ खाली दाबून कापा, पेला गोल फिरवू नका. फिरवला की कडा चिकटतात आणि स्कोन एका बाजूला कलंडून फुगतो. ट्रेमध्ये जवळ जवळ लावा, वरून दुधाचा हात फिरवा (बाजूंना ओघळू देऊ नका), आणि १३ ते १५ मिनिटं भाजा.

एवढ्यात साधारण ५० ग्रॅमचे दहा स्कोन होतात. पाकिटांवरचे आकडे घेऊन बेरीज केली तर एकाला १६० कॅलरीच्या आसपास येते, आणि लोणी येतं फक्त ६ ग्रॅम. दोन पोळ्यांना वरून आपण तेवढं तूप सहज लावतो. तुमचे अनुभव, प्रमाणं, शंका जरूर लिहा.

पार्ल्याची मावशी

जास्वंद, छान सविस्तर लिहिलंस. पण ५० ग्रॅम मैदा तरी का? मी नातवंडांसाठी पूर्ण कणकेचे करते. गिरणीतून गहू बारीक दळून आणते, पोळीला घेते त्याहून एक नंबर बारीक. पाकिटातल्या पिठापेक्षा ते हाताला वेगळं लागतं आणि स्कोन मऊ होतात. मुलांना मैद्याची सवय नाही लागली तर ती चवीला कमी मागत नाहीत, हे मी घरात बघितलंय.

जास्वंद

मावशी, पूर्ण कणकेचे नक्की होतात. मैदा नको असेल त्यांनी १२० ऐवजी १५० ग्रॅम दही घ्यावं आणि गोळा अर्धा तास विसावू द्यावा. मैदा मी ठेवला तो पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी. हात बसेपर्यंत तो सांभाळून घेतो, मग हळूहळू शून्यावर आणता येतो. तंतूंचा (फायबरचा) फरक मात्र खरा आहे. १०० ग्रॅम कणकेत साधारण ११ ग्रॅम तंतू, मैद्यात ३ ग्रॅमच्याही आत.

बारीक दळण्याबद्दल तुमचं अगदी बरोबर. दगडी चक्कीत दळताना पिठातला स्टार्च बराच भरडला जातो आणि असं पीठ पाणी जास्त पितं. म्हणूनच आपली पोळी मऊ राहते, आणि म्हणूनच परदेशी पाककृतीतलं दुधाचं माप आपल्या कणकेला पुरत नाही. इंटरनेटवरची कृती जशीच्या तशी केली आणि स्कोन कोरडे झाले, असं अनेकजणी सांगतात. कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मुलुंडकर

माझे वडील मधुमेही आहेत, वय ७१. संध्याकाळच्या चहाबरोबर त्यांना बेकरीतली खारी किंवा कडक बटर लागतंच. त्याऐवजी हे देता येतील का? साखरेच्या जागी खजूर किंवा गूळ घातला तर चालेल ना? आणि ओट्स आहेत म्हणजे कोलेस्टेरॉललाही मदत होईल असं वाटतंय.

जास्वंद

मुलुंडकर, तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर देते, कारण इथे चुकीचा दिलासा द्यायला नको.

गूळ आणि खजूर साखरेपेक्षा चवीला खूप समृद्ध आहेत, पण रक्तातल्या साखरेच्या हिशोबात ती साखरच. १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास कॅलरी, साखरेत ४००. फरक नावापुरता. त्यामुळे 'गुळाचे आहेत, दोन खा' असं वडिलांना सांगू नका. त्यांच्यासाठी गूळ पूर्ण वगळा, मनुका निम्म्या करा आणि खाली तिखटमिठाचा प्रकार येईलच, तो बघा.

ओट्सचंही तसंच. त्यातला बीटा-ग्लुकान हा तंतू कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो, पण त्यासाठी तो रोज ३ ग्रॅमच्या आसपास पोटात जावा लागतो. माझ्या प्रमाणात ५० ग्रॅम ओट्स, म्हणजे फार तर २ ग्रॅम बीटा-ग्लुकान, आणि तेही दहा स्कोनमध्ये वाटलेलं. सकाळी वाटीभर ओट्सची लापशी खाल्ली तर याच्या कितीतरी पट मिळतं. स्कोनमध्ये ओट्स घालायचे ते ओलावा आणि चवीसाठी.

खारीपेक्षा हा बरा का? बरा म्हणेन मी. तंतू जास्त आहेत आणि आत काय घातलंय ते तुम्हाला माहीत आहे. पण एक लहान स्कोन, सोबत चहात साखर नाही, आणि शक्य असेल तर वाटीभर दही किंवा मूठभर शेंगदाणे. घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजून बघा आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवा. प्रत्येकाचं शरीर वेगळं उत्तर देतं.

मुलुंडकर

मनापासून आभार. मीटर आहे घरी. पुढच्या आठवड्यात करून बघतो आणि आकडे डॉक्टरांना दाखवतो.

रानमोगरा

मी खपली गव्हाचं पीठ वापरून केले. सांगलीकडच्या नातेवाइकांकडून येतं. चव अप्रतिम, रंगही सुंदर खरपूस. ज्यांना ग्लूटेन चालत नाही त्यांनी खपली घ्यावी असं वाचलंय, म्हणून इथे लिहिते.

पहाटवारा

रानमोगरा, कृपया शेवटचं वाक्य बदला. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन असतं. त्याचं ग्लूटेन दुबळं असतं, म्हणून पोळी ताणली जात नाही आणि स्कोन मात्र भुसभुशीत होतो. पण सिलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) असलेल्या माणसाला खपली अजिबात चालत नाही. माझ्या भाचीला हा आजार आहे आणि लोक प्रेमाने खपलीचे लाडू घेऊन येतात, तेव्हा दर वेळी नाही म्हणावं लागतं.

तिच्यासाठी मी ज्वारी आणि तांदळाचं पीठ निम्मं निम्मं घेते आणि २०० ग्रॅम पिठाला दोन चमचे इसबगोल घालते. इसबगोल दह्यात दहा मिनिटं भिजवलं की त्याचा चिकट गर होतो आणि तोच ग्लूटेनचं काम करतो. पेल्याने कापत बसू नका, चुरा होतो. गोळे हाताने थापून ट्रेवर ठेवा. गरम गरमच खायचे, गार झाले की कोरडे पडतात. ओट्स मात्र टाळा, कारण ते बहुतेक वेळा गव्हाच्याच कारखान्यात दळले जातात. पाकिटावर ग्लूटेनमुक्त असं स्पष्ट छापलेलं असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तरच.

रानमोगरा

बरं झालं सांगितलंत, ताई. वाक्य काढून टाकायला अ‍ॅडमिनना कळवलंय. भाचीला माझ्याकडून शुभेच्छा.

दर्यावर्दी

बोटीवर होतो तेव्हा कॉर्नवॉलमधल्या फालमथ बंदरात स्कोन खाल्ले आहेत. तिकडे आधी जॅम लावतात आणि त्यावर क्लॉटेड क्रीम, म्हणजे तिकडची दाट साय. शेजारच्या डेव्हनमध्ये उलट, आधी क्रीम आणि मग जॅम. दोन्हीकडचे लोक आपापल्या पद्धतीवर ठाम असतात. तिथला स्कोन आतून जवळपास फिका असतो, गोडवा सगळा जॅमचा. आपल्याकडे कॅफेत मिळतो तो गोड स्कोन खाऊन मला नेहमी चुकल्यासारखं वाटतं. साखर कमी करायची म्हणता, तर मुळात तो कमी गोडच असतो, हे सांगावंसं वाटलं.

जास्वंद

दर्यावर्दी, फार महत्त्वाची गोष्ट सांगितलीत. आणि क्लॉटेड क्रीमवरून एक हिशोब आठवला. त्यात स्निग्धांश किमान ५५ टक्के असतो. सढळ हाताने लावलेलं क्रीम, समजा ३० ग्रॅम, म्हणजे १७०-१७५ कॅलरी झाल्या. आपला अख्खा स्कोनच १६० चा! स्कोनमधल्या ६ ग्रॅम लोण्यावरून भांडायचं आणि वरच्या क्रीमकडे बघायचंही नाही, यात काही अर्थ नाही.

क्रीमच्या जागी मी चक्का लावते. घरचं दही रात्रभर फडक्यात टांगायचं, सकाळी चिमूटभर मीठ घालून चमच्याने फेटायचं. आंबट लागतं आणि जॅमबरोबर सुरेख जमतं. जॅमसाठी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येतेच आहे अजून बाजारात. पाव किलो चिरून, दोन चमचे साखर आणि लिंबाचा रस घालून मंद आचेवर दहा मिनिटं शिजवा. उतरवल्यावर एक चमचा सब्जा घाला. सब्जा रस शोषून फुगतो आणि जॅमला दाटपणा येतो, त्यासाठी ढीगभर साखर घालून आटवायची गरज राहत नाही. पण साखर कमी म्हणजे टिकाऊपणाही कमी. फ्रीजमध्येच ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा.

कोवळी उन्हं

मी लालबागला राहते, स्वयंपाकघर पश्चिमेला. दुपारनंतर ओट्याशी उभं राहवत नाही. लोणी किसायला घेतलं की किसणीवरच वितळतं. पिठाचा ओला गोळाच होतो, रवा वगैरे काही दिसत नाही. स्कोन फुगतही नाहीत, बिस्किटासारखे पसरतात. मुंबईच्या उकाड्यात हे जमतं तरी का?

जास्वंद

जमतं, पण वेळ आणि क्रम सांभाळावा लागतो. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि तुमच्या ओट्याजवळ दुपारी तेवढं तापमान सहज असणार. तर असं करा. सकाळी सातच्या आत करायला घ्या. पीठ परातीसकट आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा. स्टीलची परात गार राहते, प्लास्टिकच्या भांड्यापेक्षा ती बरी. लोणी आदल्या दिवशीच किसून, किसलेलं ताटलीत पसरून फ्रीजरमध्ये टाका. किसणी धरायलाही मग हात लागत नाही. दही फ्रीजमधलंच, थेट गार. ओव्हन आधी तापवून ठेवू नका म्हणजे खोली तापत नाही. गोळा फ्रीजमध्ये विसावतो त्या वीस मिनिटांत ओव्हन तापून होतं.

लोणी मऊ पडतंय असं मधेच वाटलं तर परात उचला आणि दहा मिनिटं फ्रीजमध्ये सरकवा. काही बिघडत नाही. कापलेले स्कोनही भाजण्याआधी दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, मग ते पसरत नाहीत, उभे फुगतात.

पसरण्याचं दुसरं कारण बेकिंग पावडर जुनी असणं हेही असू शकतं. आपल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, डबा उघडा राहिला की तिचा जोर आतल्या आत संपतो. अर्धा चमचा पावडर पाव वाटी गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तर चांगली, नुसतेच चार बुडबुडे आले तर टाकून द्या आणि नवीन आणा.

गिरगावकर

तेल चालेल का लोण्याऐवजी? घाण्याचं शेंगदाण्याचं आहे घरी. आणि खोबरेल पण आहे, खाण्याचं.

पहाटवारा

चालेल, पण तो वेगळा पदार्थ होतो. तेल पिठात पूर्ण मिसळून जातं, कण राहत नाहीत, त्यामुळे थर येत नाहीत आणि आतून केकसारखी जाळी पडते. चवीला वाईट नाही. ६० ग्रॅम लोण्याच्या जागी ४५ ग्रॅम तेल पुरे. खोबरेल २४ अंशांच्या खाली घट्ट होतं, म्हणजे मुंबईत जवळपास वर्षभर पातळच. फ्रीजमध्ये घट्ट करून किसता येतं आणि थरही बरे येतात. मात्र त्यात संपृक्त स्निग्धांश लोण्यापेक्षाही जास्त असतो, तेव्हा हृदयाच्या काळजीपोटी खोबरेल निवडत असाल तर तो हेतू साधत नाही.

साजूक तुपात पाणी नसतं, त्यामुळे वाफेची उभारी मिळत नाही आणि स्कोन नानकटाईकडे झुकतो.

जास्वंद

पहाटवारा यांच्याशी पूर्ण सहमत. वनस्पती तूप आणि बेकरीतलं स्वस्त मार्जरीन यांच्याबद्दलही लिहिते. ट्रान्स फॅटची (हृदयाला घातक अशा स्निग्धांशाची) मर्यादा भारतात २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली, त्यामुळे पूर्वीएवढी वाईट स्थिती नाही. तरीही घरी करताना ते आणायचं कारणच मला दिसत नाही. घरी करायचं सुखच मुळी त्यात आहे की काय घालायचं ते आपण ठरवतो.

पार्ल्याची मावशी

नाचणीचं कोणी लिहिलं नाही अजून! मी २५ ग्रॅम नाचणीचं पीठ घालते कणकेत. मुलांना कॅल्शियम मिळतं.

जास्वंद

मावशी, नाचणीची चव मलाही फार आवडते, चॉकलेटी रंग येतो आणि गुळाबरोबर तर खासच. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे खरं. पण २५ ग्रॅम दहा स्कोनमध्ये वाटली की एका स्कोनला ९ मिलीग्रॅम येतं. मुलांना सोबत कपभर दूध द्या, त्यातून याच्या वीसपट तरी मिळेल. नाचणी चवीसाठी जरूर घाला, ५० ग्रॅमपर्यंत चालते. त्यापुढे स्कोन ठिसूळ होतो.

पार्ल्याची मावशी

असा हिशोब मी कधी केला नव्हता गं. दुधाबरोबरच देत जाईन आता. नाचणी मात्र सोडणार नाही.

रानमोगरा

तिखटमिठाच्या प्रकाराची वाट बघतोय आम्ही.

जास्वंद

हा घ्या. माझ्या घरी गोडापेक्षा हाच जास्त होतो.

कणीक १५० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम. बेकिंग पावडर आणि सोडा वरच्याएवढाच. लोणी ५० ग्रॅम. मेथीची कोवळी पानं धुऊन, फडक्यावर अगदी कोरडी करून, बारीक चिरून मूठभर. ओली पानं घातलीत तर गोळा सैल होतो आणि मग लोक वरून पीठ घालत बसतात, तिथेच स्कोन कडक होतो. हिरवी मिरची, ओवा, थोडी मिरपूड. हवं तर ३० ग्रॅम चीज किसून, पण चीज आणि खारं लोणी दोन्ही असतील तर मीठ पूर्ण बंद. बेकिंग पावडर आणि सोड्यातूनही सोडियम जातंच. रक्तदाब असलेल्यांनी बिनमिठाचं लोणी आणावं, आता मोठ्या दुकानांत सर्रास मिळतं. दही १४० ग्रॅम. वरून दुधाचा हात आणि तीळ.

ज्वारीमुळे रवाळपणा येतो आणि बेसनाने वास खमंग येतो. मेथीच्या जागी कोथिंबीर आणि लसूण घातलं तर कोथिंबीरवडीची आठवण होते. मुलुंडकर, वडिलांसाठी हा करा, ज्वारी थोडी वाढवली तरी चालेल.

कोवळी उन्हं

सकाळी लवकर केले, लोणी आदल्या रात्री किसून ठेवलं होतं. फुगले! बाजूने मधोमध चीर पडली होती आणि हाताने अलगद दोन भाग झाले. सासूबाईंनी चक्क्याबरोबर लिंबाचं गोड लोणचं लावून खाल्लं आणि तेही छान लागलं. खूप आभार.

जास्वंद

वा! ती मधली चीर म्हणजेच थर नीट सुटल्याची खूण. लोणच्याची जोडी मी नक्की करून बघणार.

गिरगावकर

आमच्याकडे ओव्हन नाही, चाळीतली दोन खोल्यांची जागा, आणायचा म्हटला तरी ठेवायला कोपरा नाही. गॅसवर जमेल का?

दर्यावर्दी

ओव्हन घराघरात येण्याच्या कितीतरी आधी स्कॉटलंडमध्ये स्कोन तव्यावरच भाजायचे. ओट्सच्या किंवा बार्लीच्या पिठाची जाड भाकरी थापायची, चुलीवरच्या लोखंडी सपाट तव्यावर टाकायची आणि चतकोर करून खायची. बेकिंग पावडर आली एकोणिसाव्या शतकात, आणि फुगलेला उंच स्कोन त्यानंतरचा. एडिंबरामध्ये एका घरी तव्यावरचे खाल्ले होते. भाकरी खाणाऱ्या माणसाला ते अजिबात परके वाटत नाहीत.

जास्वंद

गिरगावकर, दर्यावर्दींनी सांगितलेलाच मार्ग तुमच्यासाठी, आणि मला तर तो ओव्हनपेक्षाही आवडतो. गोळा वरच्यासारखाच करा. इंचभर जाड न थापता अर्ध्या इंचाला थांबा, नाहीतर आत कच्चं राहतं. गोल थापून सुरीने सहा तुकडे करा. बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा मंद आचेवर पाच मिनिटं तापू द्या, पुसट तेलाचा हात फिरवा आणि तुकडे थोडं अंतर ठेवून लावा. वर झाकण. सहा-सात मिनिटांनी उलटा, आणखी तेवढाच वेळ. मग प्रत्येक तुकडा चिमट्याने कडेवर उभा धरून कडाही शेकून घ्या. आच अजिबात मोठी करू नका. बाहेरून रंग पटकन येतो आणि आत पीठ कच्चंच राहतं. पहिला तुकडा मोडून बघा, मध्ये ओलसर चकाकी दिसली तर झाकण ठेवून अजून दोन मिनिटं.

लोणी इथे ४० ग्रॅम पुरतं, कारण तव्यावर ओव्हनइतका ओलावा उडत नाही. ज्यांना खरोखर स्निग्धांश कमी करायचा आहे त्यांनी हा मार्ग धरावा.

गिरगावकर

आज आईच्या भाकरीच्या तव्यावर केले, मेथीचे. आईने दोन खाल्ले आणि विचारलं, यात तांदळाचं पीठ चालेल का? मी म्हटलं, विचारतो.

जास्वंद

चालेल, ज्वारीच्या जागी ५० ग्रॅमपर्यंत. कुरकुरीत होतील, मात्र तंतू कमी होतील. आईंना माझा नमस्कार.

रानमोगरा

आमच्या सोसायटीत पुढच्या रविवारी भिशी आहे, माझ्याकडे. पंधरा जणी. तीस स्कोन करायचे मनात आहे, निम्मे गोड आणि निम्मे मेथीचे. ओटीजी लहान आहे, एका वेळी दहाच बसतात. आदल्या दिवशी करून ठेवले तर शिळे लागतील का?

जास्वंद

भाजून ठेवू नका, कापून ठेवा. शुक्रवारी रात्री गोळा करा, कापा, ताटावर सुटे लावून फ्रीजरमध्ये टाका. तीन तासांनी कडक झाले की डब्यात भरा, गोड आणि तिखटाचे डबे वेगळे, नाहीतर मनुकांना ओव्याचा वास लागतो. रविवारी फ्रीजरमधून थेट तापल्या ओव्हनमध्ये, बाहेर काढून मऊ होऊ द्यायचे नाहीत. नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त लागतील.

तीन घाणे करावे लागतील, तर पाहुण्या येण्याच्या पाऊण तास आधी पहिला लावा. दर वेळी दार उघडलं की आतलं तापमान उतरतं, त्यामुळे दोन घाण्यांमध्ये पाच मिनिटं ओव्हन पुन्हा तापू द्या. मेथीचे आधी भाजा, ते कोमट झाले तरी चांगले लागतात, गोड शेवटी. झालेले स्कोन जाळीवर काढून सुती फडक्याखाली ठेवा. डब्यात झाकून ठेवले तर वाफ धरते आणि वरचा कुरकुरीतपणा जातो. चक्क्यासाठी दोन लिटर दुधाचं दही शुक्रवारीच लावा, म्हणजे शनिवारी रात्री टांगता येईल.

रानमोगरा

शुक्रवारची यादी करून फ्रीजवर लावली. मेथीचे सोळा आणि गोड चौदा करते, आमच्याकडे तिखट खाणाऱ्या जास्त आहेत.